साचलेलं तांबं

१२ जानेवारी

छबू,

तू म्हणशील, ताईला आज पत्र लिहायचं कुठून सुचलं. फोनवर तुझ्याशी बोलायला लागले की आमच्या दोन खोल्यांत सगळ्यांचे कान लांब होतात, आणि मला जे बोलायचंय ते सगळ्यांसमोर बोलता येत नाही. म्हणून दुकानात बसून लिहितेय. समोर पँटींचा ढीग आहे. सगळ्यांना कमरेत सैल करून हव्यात. जग जाडं होत चाललंय, तेवढंच माझं दुकान चालतंय.

तर ठमी. तिनं बेकरी सोडली. तिचं तिनंच सोडलं, म्हणाली कंटाळा आला. केकवर नाव लिहावं तर तिनंच, असा हात होता तिचा, हे तू पाहिलंच आहेस. मालक गिऱ्हाइकांना मुद्दाम तिच्या समोर उभं करायचा. आता दिवसभर घरात असते. कप उचलला की फुटलाच समज. मी म्हटलं, "लक्ष कुठंय तुझं?" तर माझ्याकडे असं बघितलं की जणू कप मीच फोडला. काल जेवताना चमचा सुटला, धाकटा टिल्लू हसला, तर तिनं सगळं ताट ढकलून दिलं. अठरा वर्षांची घोडी! आणि मग तासभर तोंड झाकून रडली.

ह्यांचं म्हणणं, लाडानं डोक्यावर बसलीय. अख्ख्या डेपोतले ड्रायव्हर ह्यांना वचकून असतात, आणि घरात एक मुलगी ऐकत नाही, हे त्यांच्या पचनी पडत नाही.

प्रेमाबिमाचं काही असेल का गं? तुला काही बोललीय का? मावशीला सगळं सांगते ना ती.

तुझी
ताई

२१ जानेवारी

ताई,

मला काही बोलली नाही. उलट मीच तुला विचारणार होते की तिचं मौनव्रत कधी सुटणार. पावसाळ्यानंतर तिची एकच चिठ्ठी आली, तीही चार ओळींची. अक्षर इतकं बारीक की मी भिंग शोधलं. मला वाटलं, बाईसाहेब घाईत आहेत.

प्रेमाबिमाचं असलं तर असू दे, त्यात कप कशाला फुटतील? तिला जरा तिच्या तिच्यावर सोड. आणि भावजींना सांग, ती ड्रायव्हर नाही.

मी इथं नक्की काय करते असं टिल्लूनं विचारलंय, त्याला हे वाचून दाखव. झाडाच्या पेशींना वेष्टण असतं आणि त्या वेष्टणात दारं असतात. साखरेची दारं वेगळी, पाण्याची वेगळी, लोखंडाची, तांब्याची वेगळी. ह्या दारांना आम्ही वाहक म्हणतो. दार कसं बनवायचं ते जनुकात लिहिलेलं असतं. एकाच जुन्या जनुकाच्या नकला होत होत त्यांची घराणी झालीत. द्राक्ष, नासपती, पीच ह्यांच्यात कुठल्या घराण्यात किती मंडळी, कोण कामाचं, कोण मोडकं, ह्याची मी संगणकावर शिरगणती करते. थोडक्यात, फळांची भाऊबंदकी.

सध्या तांब्याच्या मागे आहे. द्राक्षाला बुरशी लागू नये म्हणून मोरचुदाची, म्हणजे तांब्याच्याच क्षाराची, फवारणी करतात, वर्षानुवर्षं करतात, आणि ते तांबं मातीत साचत राहतं. वेलीला चिमूटभर तांबं लागतंच, पण जास्त झालं की तेच विष. म्हणून जास्तीचं तांबं उचलून बाहेर टाकणारा एक वाहक असतो, पंपच म्हण ना. आमच्या काचघरात एक रानवेल आहे, तिचा तो पंप जन्मतःच मोडका. बिचारी साध्या मातीतसुद्धा पानांच्या कडा करपवून बसते. मी रोज तिच्यासमोर उभी राहून तिची माफी मागते.

ठमीला म्हणावं, मावशी रागावलेली नाही.

छबू

९ फेब्रुवारी

छबू,

तुझं पत्र वाचून दाखवलं. "वाहक" म्हटल्यावर हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "द्राक्षाच्या बसला वाहक लागतो होय? मग चालक कोण?" टिल्लू हसून लोळला. बऱ्याच दिवसांनी ह्या घरात कुणी हसलं.

आता खरं सांगते. ठमीनं बेकरी सोडली नाही, तिला काढून टाकलं. नावं वाकडी यायला लागली होती, ते मालकानं सांभाळून घेतलं. पण एक दिवस गिऱ्हाइकाशी बोलताना तिची जीभ अडखळली, शब्द एकात एक घुसले, आणि तो माणूस मालकाला म्हणाला, "ही पोरगी पिऊन आलीय." मालकानं मला बोलावून घेतलं, हळू आवाजात सांगितलं, वर केक बांधून दिला. मी तो केक घरी आणला नाही. वाटेत बाकावर ठेवून आले.

ती नाही म्हणते. शपथा घेते. पण छबू, तिचं बोलणं मलाही कळेनासं झालंय. तोंडात काहीतरी धरून बोलावं तसं बोलते. सकाळी तिची उशी ओली असते, लाळेनं. कपडे घालताना गुंड्या लागत नाहीत, मग चिडते, मग हसते, आणि ते हसूही तिचं वाटत नाही. चेहऱ्यावर चिकटून राहतं.

ह्यांनी तिची पर्स उलटी केली, गादी उसवली. काही सापडलं नाही. ते म्हणतात, सापडत नाही म्हणजे हुशारीनं लपवतेय. आता ती बाहेर निघाली की हे मागे मागे. बाप-लेक एकमेकांशी बोलत नाहीत आणि मी मधे.

हे तुझ्यामाझ्यातच ठेव.

ताई

१५ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. काही प्रश्न विचारते. का, ते आत्ता विचारू नकोस. माझं चुकलं तर तुला उगाच घाबरवल्यासारखं होईल.

दोन्ही हात पसरून धर म्हटलं तर तिचे हात पाखराच्या पंखासारखे हलतात का? पूर्वी कधी तिला कावीळ झाली होती का? पाळी नियमित येते का? नाकातून रक्त, अंगावर उगाच काळेनिळे डाग, पायांवर सूज, ह्यातलं काही? चालताना तोल जातो का?

आणि एक काम लगेच कर. तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने. नंबर काढायला नाही. त्यांना म्हणावं, बुबुळाची कड मशीनखाली नीट बघा.

मी फोन केला होता, भावजींनी उचलला, "ती दुकानात आहे" म्हणाले आणि ठेवला. म्हणून हे पत्र टाकतेय. उत्तर लगेच पाठव.

छबू

२४ फेब्रुवारी

छबू,

तुझं पत्र म्हणजे चौकशी आयोगच. मी तुला माझ्या जिवाचं सांगितलं आणि तू मला पाळीचं विचारतेस.

बरं, घे उत्तरं. कावीळ झाली होती, दोन वर्षांपूर्वी. कुणाला होत नाही? गेली आपली आपण. पाळी सहा-सात महिने नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशक्तपणा आणि मनावरचा ताण. हात पसरून बघितले नाहीत, पण चहाच्या कपाचं मी सांगितलंच. तोल जातो. परवा जिन्यात पडली. शेजारीण दार उघडून बघत होती आणि ह्यांनी ठमीला उचललं नाही, आधी शेजारणीचं दार बंद व्हायची वाट बघितली.

डोळ्यांचं म्हणशील तर चष्म्याच्या दुकानात नेलं होतं. नजर एकदम छान आहे म्हणाला.

ह्यांनी आता ठरवलंय. गावाबाहेर एक व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथं तीन महिने. सुरुवातीला घरच्यांना भेट नाही. मी विरोध करायला हवा होता का? मला कळत नाही. ती आतल्या खोलीत दार लावून बसली की मी बाहेर उभी राहते, आणि उघडलं की आत जायची भीती वाटते. आईला असं वाटतं का गं कधी?

ताई

१ मार्च

ताई,

आता सांगते. बसून वाच.

मी तुला त्या मोडक्या पंपाबद्दल लिहिलं होतं. झाडाचं एखादं जनुक सापडलं की संगणक आपोआप सांगतो, हे आणखी कुणाकुणात आहे, कशासारखं दिसतं. त्या पंपापुढे नेहमी एक ओळ येते: माणसातल्या विल्सन आजाराच्या जनुकासारखं. मी ती ओळ रोज बघते आणि पुढे जाते. माणसाच्या यकृतातही जास्तीचं तांबं बाहेर टाकणारा तसाच पंप असतो. द्राक्षाच्या वेलीचा आणि आपला, दोघांचा पूर्वज एक. काही जणांत तो जन्मतः मोडका असतो. मग अन्नातलं तांबं थोडं थोडं यकृतात साचतं, कधी कावीळ होऊन जाते, कुणाला कळत नाही. यकृत भरलं की तांबं मेंदूत जातं. मग हात कापतात, जीभ जड होते, लाळ गळते, अक्षर आकसतं, स्वभाव बदलतो. बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं दिसतं, पण आपल्या काळ्या डोळ्यांत ते नुसतं बघून दिसत नाही, मशीन लागतं.

मी डॉक्टर नाही. मी दिवसभर एकच विषय चघळते, त्यामुळे मला तोच सगळीकडे दिसत असेल, ही भीती मला आहेच. म्हणून माझ्या वर्गमैत्रिणीला विचारलं, ती मेंदूची डॉक्टर आहे. मुलगी न बघता ती काही बोलेना. शेवटी एवढंच म्हणाली, "ह्याच आठवड्यात दाखवा."

ताई, औषध आहे. पण उशीर झाला तर औषध असून नसल्यासारखं. तिला केंद्रात पाठवू नका. भावजींच्या पाया पडते म्हणून सांग. ठमी काही पीत नाही, काही घेत नाही.

छबू

८ मार्च

छबू,

तू शिकलीस त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण माझी मुलगी म्हणजे तुझ्या काचघरातली वेल नाही.

कुठे द्राक्षं, कुठे माणूस! तुला तिचा हात हातात घेऊन बघायला वेळ नाही, पण तिकडे बसल्या बसल्या संगणकावरून तिच्या डोक्यात काय साचलंय ते दिसतं. मेंदूत तांबं म्हणे. हे जन्मतः असतं म्हणतेस, म्हणजे आमच्याकडूनच आलं. म्हणजे मीच दिलं. एवढं लिहिताना तुझा हात कसा कचरला नाही?

व्यसन असेल तर सुटेल तरी. तू जे लिहिलंयस ते सुटणारं दिसत नाही.

तिला काल सोडून आलो. गाडीतून उतरताना तिनं माझा पदर धरला होता. बोटं इतकी थरथरत होती की सोडवायला त्रास पडला नाही.

आता काही दिवस लिहू नकोस.

ताई

१९ मार्च

छबू,

मी पत्रं लिहीत नाही. डेपोत मेमो लिहितो, तेवढाच सराव. तेव्हा समजून घे.

तुझं एक तारखेचं पत्र तुझ्या ताईनं मला वाचून दाखवलं आणि मग फाडलं. त्या वेळी मी फाडू दिलं. खरं सांगायचं तर मी तिच्याच बाजूचा होतो.

काल केंद्रातून बोलावणं आलं. तिथले डॉक्टर सरळ माणूस वाटले. म्हणाले, "हिच्या तपासण्यांत कुठल्याही नशेचा मागमूस नाही. नशा करणाऱ्यांचे हात इथं आले की हळूहळू स्थिर होतात. हिची थरथर वाढतेय." मी म्हटलं, "मग ठेवलंय कशाला हिला?" ते म्हणाले, "तुम्ही आणून सोडलीत."

ठमी समोर बसली होती. मला काहीतरी सांगत होती. मला कळेना. तिनं पुन्हा सांगितलं, तरी कळेना. शेवटी मी "हो हो" म्हणालो, आणि मला कळलं नाही हे तिला कळलं. परतताना बसमध्ये एकदम उलगडलं. ती म्हणत होती, "टिल्लूला इथं आणू नका." त्याला तिचं हे रूप दिसायला नको म्हणून.

माझी मुलगी मला सांगत होती आणि मी तिची पर्स तपासत होतो.

तुझ्या ताईला अजून बोललो नाही, आज बोलेन. तू निघून ये. कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं ते तू ठरव. मी तिला बाहेर काढतो.

भावजी

४ एप्रिल

ताई,

सुखरूप पोचले. स्टेशनवर तू माझ्याशी बोलली नाहीस, पण डबा दिलास, त्यात मी काय ते समजले.

तू डोळ्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसून राहिलीस, म्हणून आत काय झालं ते लिहिते. खोलीत अंधार केला होता. ठमीनं हनुवटी मशीनवर टेकवली, पण मान स्थिर राहीना, तेव्हा भावजींनी मागून दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं. किती हळू धरलं होतं म्हणून सांगू, जणू पिकलेलं फळ. डॉक्टरीणबाई बघत राहिल्या. मग त्यांनी मला खुणेनं बोलावलं. बुबुळाच्या काठानं सोनेरी तपकिरी कडं होतं, पूर्ण गोल. ताई, ते सुंदर दिसत होतं. मला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं. मी महिनाभर देवाला नाही तर संगणकाला विनवत होते की माझं चुकू दे.

भावजींनी विचारलं, "आहे का?" बाई हो म्हणाल्या. भावजींनी ठमीच्या डोक्यावरचे हात काढले नाहीत. ठमी मात्र हसली. तिचं खरं हसू होतं ते. जड जिभेनं म्हणाली, "म्हणजे मी पीत नाही."

लघवीचा रिपोर्ट आला की लगेच औषध सुरू होईल. माझ्या मैत्रिणीनं तिला नीट तपासलंय, ती सगळं बघेल. तिनं एक बजावून सांगितलंय: पहिले काही आठवडे बरं वाटायच्या ऐवजी जास्त होऊ शकतं. घाबरून गोळ्या बंद करायच्या नाहीत.

आणि ताई, स्टेशनवर मी जे बोलायला तोंड उघडलं आणि तू तोंड फिरवलंस, ते हे. टिल्लूचीही तपासणी करून घ्या.

छबू

२० मे

छबू,

रिपोर्ट तू म्हणालीस तसाच आला. एक दिवस आणि एक रात्र लघवी साठवायचा तो कॅन सांभाळणं म्हणजे काय दिव्य होतं! ह्यांनी तो कॅन मांडीवर घेऊन बसमधून नेला. डेपोतल्या कुणीतरी विचारलं, "साहेब, मध आणलात का?"

गोळ्या सुरू झाल्या आणि ठमी खचली. मैत्रिणीनं सांगून ठेवलं होतं तरी ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं. उभी राहू शकत नव्हती. घास गिळेना. मी तिला मऊ करून करून भरवायचे, निम्मा हनुवटीवर. दोनदा गोळ्या खिडकीतून फेकाव्या असं मनात आलं. ह्यांनी गोळ्यांचा डबा स्वतःच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "हे माझ्याकडे." गोळीआधी पोट रिकामं हवं म्हणून पहाटे स्वतः उठून देतात. बाप-लेक दोघं खिडकीपाशी बसलेले असतात.

चॉकलेट, काजू, अक्रोड, मशरूम सगळं बंद. मी डॉक्टरांना विचारलं, बेकरीत चॉकलेट खाऊन झालं का? त्या म्हणाल्या, नाही, खाण्यानं होत नाही, तांबं सगळेच खातो, हिला ते बाहेर टाकता येत नाही. मला बेकरीवर ढकलायचं होतं, तेही जमलं नाही.

ह्या आठवड्यात थोडा उतार आहे. काल स्वतःच्या हातानं पाणी प्यायली. सांडलं, पण प्यायली.

टिल्लूचं नाव काढू नकोस. तो उड्या मारतोय, शाळेत पळण्याच्या शर्यतीत पहिला आलाय. त्याला काही झालेलं नाही. एका वेळी एकच झेपेल मला.

ताई

३ जून

ताई,

मी माझी तपासणी करून घेतली. माझ्यात त्या जनुकाची एक प्रत चांगली आणि एक मोडकी आहे. एक चांगली असली की पुरते, म्हणून मला आयुष्यभर काही कळलं नाही, कळणारही नाही. अशा माणसाला काय म्हणतात माहीत आहे? वाहक! भावजींना सांग, बसला दुसरा वाहक सापडला.

तुझ्यातही एक मोडकी आहे आणि भावजींतही एक. ठमीला दोघांकडून नेमक्या मोडक्याच मिळाल्या. ह्यात कुणी कुणाला काही दिलं नाही. पत्ते पिसले जातात तसं होतं ते. पण टिल्लूच्या वेळीही तेच पत्ते पिसले गेले होते, ताई. चारात एक.

तो पळतोय म्हणतेस. ठमीही पळत होती. कावीळ झाली त्या वर्षी तिनं पोहण्याच्या स्पर्धेत भाग घेतला होता, तुझ्या लक्षात नाही का? तांबं साचत असताना दुखत नाही. दुखायला लागलं म्हणजे साचून झालेलं असतं.

तुला राग येईल, येऊ दे. आत्ता तू टिल्लूला वाचवत नाहीयेस, स्वतःला वाचवते आहेस. मार्चमध्ये तू मला लिहू नकोस म्हणालीस आणि मी खरंच लिहिलं नाही. भावजींचं पत्र येईपर्यंत मी नुसती बसून राहिले. तेवढ्या दिवसांत ठमीचं काय काय गेलं, हे कुणीच सांगू शकत नाही. पुन्हा तसं बसणार नाही. तू नेलं नाहीस तर मी येऊन नेईन आणि तू जन्मभर बोलली नाहीस तरी चालेल.

छबू

१७ ऑगस्ट

छबू,

तुझं जूनचं पत्र आल्यावर मी दोन दिवस मशीनवर सुई मोडत बसले. मग दुकानाला कुलूप लावलं, शाळेतून टिल्लूला उचललं आणि सरळ दवाखान्यात गेले. ह्यांनाही सांगितलं नाही. सांगायला थांबले असते तर पाय मागे फिरले असते.

रक्त काढताना तो म्हणाला, "आई, तूच का रडतेस? टोचलं तर मला."

रिपोर्टला वेळ लागला. ते दिवस कसे काढले ते विचारू नकोस. त्याच्या हातातून पेन्सिल पडली तरी मी हातातलं काम टाकून धावायचे. त्याचं अक्षर मी दिव्याजवळ धरून बघायचे. शेवटी तो चिडून म्हणाला, "माझी वही सोड, मला गृहपाठ करू दे."

त्यालाही आहे.

दोन्ही प्रती मोडक्या. यकृतात तांबं साचायला लागलंय, बाकी कुठे काही नाही. डोळे स्वच्छ. डॉक्टर म्हणाल्या, जस्ताच्या गोळ्या रोज, जन्मभर, एकही चुकवायची नाही. मग ह्याला हा आजार म्हणजे काय ते कधीच कळणार नाही. शिकेल, पळेल, म्हातारा होईल. मी त्यांना म्हटलं, "आणखी वर्ष-दोन वर्षं थांबलो असतो तर?" त्या म्हणाल्या, "थांबला नाहीत ना." मी तुझं नाव घेतलं त्यांच्यासमोर. म्हटलं, माझी बहीण द्राक्षांचं काम करते. त्यांना काही अर्थबोध झाला नाही, पण मला म्हणायचं होतं.

ठमी आता चालते. हात कापतो अजून, डावा जास्त. बोलणं सावकाश, पण शब्द सुटे सुटे येतात. सगळं परत येईल का, कुणी सांगत नाही. मीही आता विचारत नाही. बेकरीचा मालक येऊन गेला, गल्ल्यावर बस म्हणाला. ती म्हणाली, बघू.

टिल्लूला सांगायचं कसं, हे मला आणि ह्यांना दोघांनाही उमजेना. हे घसा खाकरून बसले. मी गोळी आणि पेला घेऊन समोर उभी. तो आळीपाळीनं आमच्या तोंडाकडे बघत होता. मग म्हणाला, "मी पण ठमीसारखा होणार का?"

छबू, मी पेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिले. हे खिडकीबाहेर बघायला लागले.

ठमी आतून आली. भिंतीला हात लावत लावत, पण आपली आपण. त्याच्यासमोर बसली. बोलायला लागली की तिला आधी श्वास जमवावा लागतो, तो जमवला. म्हणाली, "नाही. तू नाही पडायचं आजारी. तुझ्या वाटचं माझं पडून झालंय. घे गोळी."

त्यानं घेतली. वर तोंड वाकडं करून म्हणाला, "कडू आहे." ती म्हणाली, "माझी जास्त कडू आहे," आणि दोघांचं कुणाची जास्त कडू ह्यावर भांडण जुंपलं. दोघं एकाच वेळी ओरडत होते आणि मला दोघांचाही शब्द न् शब्द कळत होता.

ह्यांनी माझ्या हातातला पेला घेतला आणि राहिलेलं पाणी स्वतः पिऊन टाकलं. काहीतरी करायला हवं होतं म्हणून.

तू कधी येतेस?

तुझी
ताई